सुरुवात ड्रॅक्युलापासून करू नका: कृष्णधवल राक्षसपट पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

जुने ब्लॅक अँड व्हाइट राक्षसपट बघायचं मनावर घेतलं की बहुतेक जण पहिल्यांदा १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ लावतात. नाव ओळखीचं असतं, काळा झगाही ओळखीचा असतो. पहिली वीसेक मिनिटं डोळे विस्फारून जातात: कोळिष्टकांनी भरलेला किल्ला, प्रचंड जिना, हातात मेणबत्ती घेऊन उभा असलेला ड्रॅक्युला, म्हणजे नट बेला लुगोसी. मग गोष्ट लंडनला येते. माणसं दिवाणखान्यात बसून बोलू लागतात आणि बोलतच राहतात. मी त्या दिवाणखान्यातच झोपलो होतो. ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून पुढची कित्येक वर्षं या चित्रपटांच्या वाटेला गेलो नाही. चूक चित्रपटाची नव्हती, मी भलत्या दाराने आत शिरलो होतो. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाविषयी आहे: आधी काय बघायचं, नंतर काय, आणि बघताना लक्ष कुठे ठेवायचं.

आधी एक अपेक्षा सोडून द्या

भीती वाटणार नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांना ज्याने घाम फुटला, त्याने आपल्याला फुटत नाही, कारण मधल्या काळात आपण त्याच्या शंभर नकला पाहिलेल्या आहेत. ‘किती घाबरलो’ ही मोजपट्टी घेऊन बसलात तर यातला एकही चित्रपट पास होणार नाही. त्याऐवजी राक्षसाच्या चेहऱ्याकडे बघा. यातले चांगले चित्रपट भीतीपेक्षा दयेवर उभे आहेत. पडद्यावरच्या इतर माणसांपेक्षा राक्षस जास्त एकटा असतो, आणि दिग्दर्शकाला ते पक्कं ठाऊक असतं. हे एकदा ध्यानात आलं की डगमगणारं नेपथ्य आणि नाटकी संवाद फारसे आड येत नाहीत.

शिवाय यातले बरेचसे चित्रपट ७० ते ७५ मिनिटांत आटपतात. पसंत नाही पडला तरी संध्याकाळ वाया गेली असं वाटत नाही.

टीव्ही नीट लावा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. माझ्या त्या पहिल्या फसलेल्या प्रयोगात निम्मा दोष टीव्हीच्या सेटिंगचा होता, हे फार उशिरा कळलं.

या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते, साधारण ४:३. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. ते घालवायला चित्र ताणलंत तर सगळी माणसं बुटकी आणि जाडी होतात, आणि वाढवून कापलंत तर डोकी उडतात. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय नव्या टीव्हींमध्ये आपोआप सुरू असते, ती बंद करा. तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागतो. खोलीत अंधार करा. हा वातावरणनिर्मितीचा हट्ट नव्हे: या चित्रपटांतलं निम्मं काम गडद काळ्या आणि जरा कमी काळ्यामधल्या फरकावर चालतं, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो फरक पुसला जातो. काही दिसत नाही म्हणून ब्राइटनेस मात्र वाढवू नका. जे दिसत नाही ते बहुतेक वेळा दिसू नये असंच ठरवलेलं असतं.

सबटायटल्स लावा, इंग्रजी चांगलं येत असलं तरीही. १९३१ साली बोलपट अगदी नवा होता. ध्वनिमुद्रणात खरखर आहे, उच्चार जुन्या वळणाचे आहेत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे सुरुवातीला शांतता खटकते. दहा मिनिटांत कान सरावतात.

आणि मागाहून रंग भरलेल्या आवृत्त्या बाजूला ठेवा. रंग नव्हते म्हणून हे चित्रपट बिचारे ब्लॅक अँड व्हाइट राहिले, असं समजू नका. रंग नसण्यावर त्यांची करामत उभी आहे. १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये फ्रेडरिक मार्चचा चेहरा एकही कट न घेता आपल्या डोळ्यांदेखत विद्रूप होऊ लागतो. युक्ती अशी: त्याच्या तोंडावर रंगीत रंगभूषेच्या रेषा आधीच काढलेल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर लाल फिल्टर असताना लाल रेषा दिसत नाहीत, फिल्टर बदलला की त्याच रेषा काळ्या होऊन उमटतात. रंगीत फिल्मवर ही जादू पहिल्याच क्षणी उघडी पडली असती. मार्चला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

पहिला चित्रपट: फ्रँकेनस्टाइन, १९३१

माझं मत ठाम आहे. दार हेच. दिग्दर्शक जेम्स व्हेल, राक्षस बोरिस कार्लॉफ, रंगभूषा जॅक पिअर्स, कंपनी युनिव्हर्सल, लांबी ७० मिनिटं.

बघण्याआधी दोन गैरसमज काढून टाका. फ्रँकेनस्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव आहे, राक्षसाला नाव नाही. आणि त्या कुबड्या मदतनिसाचं नाव इगोर नाही, फ्रिट्झ आहे. इगोर पुढच्या एका भागात, १९३९ साली येतो आणि ती भूमिका लुगोसीने केली आहे.

सुरुवातीला एक गृहस्थ पडद्याआडून येऊन प्रेक्षकांना सावध करतात. हसू आलं तर हसा. नंतर हेच गृहस्थ चित्रपटात एका प्राध्यापकाच्या भूमिकेत दिसतील. श्रेयनामावलीकडेही लक्ष असू द्या: राक्षसाची भूमिका कोणी केली, तिथे सुरुवातीला नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे.

आता राक्षसाचा प्रवेश. तो दारातून पाठमोरा आत येतो आणि सावकाश वळतो. मग कॅमेरा एकेका झटक्यात त्याच्या चेहऱ्याच्या जवळ जातो. सपाट माथा, जड पापण्या, आत गेलेला गाल. कवटी डब्याच्या झाकणासारखी उघडून मेंदू घातलेला, म्हणून माथा सपाट, असा पिअर्सचा हिशोब होता. पापण्यांवर मेण चढवलं होतं. आणि कार्लॉफने तोंडातली कृत्रिम दातांची पट्टी काढून ठेवली होती, त्याने एक गाल आत गेला. मानेच्या दोन बाजूंना जे दिसतं ते स्क्रू नव्हेत, वीज आत सोडण्याची टोकं आहेत.

पण मी तुम्हाला थांबवणार आहे ते त्यापुढच्या मिनिटात. छताची झडप उघडते आणि वरून उजेड येतो. जन्मल्यापासून अंधारात ठेवलेला हा प्राणी मान वर करतो आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो, पाणी धरायला न्यावेत तसे. झडप बंद होते. हात तसेच राहतात. एकही शब्द नाही, संगीत नाही. हे दृश्य तुम्हाला भिडलं तर पुढची सगळी यादी तुमची. नाही भिडलं, तर ‘किंग काँग’ बघून सोडून द्या, कोणी रागावणार नाही.

तळ्याकाठच्या लहान मुलीचं दृश्य सलग आहे ना, ते बघून घ्या. ती त्याला फुलं देते, दोघं मिळून ती पाण्यावर सोडतात, कशी तरंगतात ते बघतात. मग फुलं संपतात. सेन्सॉरने पुढचा भाग कापला, आणि तो मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटू लागलं. तिचं नेमकं काय झालं हे प्रेक्षकाने कल्पनेने भरायचं, आणि कल्पना जे भरते ते मूळ दृश्यापेक्षा कितीतरी वाईट असतं. सभ्यतेसाठी लावलेल्या कात्रीने राक्षस उगाच जास्त राक्षसी झाला. १९८० च्या दशकात ते तुकडे परत जोडले गेले, त्यामुळे आजच्या चांगल्या प्रिंटमध्ये दृश्य पूर्ण असतं.

दुसऱ्या दिवशी: ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन

१९३५. दिग्दर्शक तोच, राक्षस तोच. मधे फार दिवस जाऊ देऊ नका, कारण गोष्ट थेट पुढे चालू होते. चार वर्षांत काय काय बदललं ते कानाला आधी कळतं: आता फ्रान्झ वॅक्समनचं भरगच्च संगीत आहे. राक्षस बोलायला शिकतो. जंगलातला आंधळा म्हातारा त्याला घरात घेतो, भाकरी देतो, व्हायोलिन ऐकवतो आणि ‘मित्र’ हा शब्द शिकवतो. हे दृश्य पुढे इतक्या विनोदी चित्रपटांनी उचललं की आधी हसू येण्याचा धोका आहे. तरी टिकतं.

हा चित्रपट मुद्दामच खट्याळ आहे. काचेच्या बरण्यांत बोटाएवढी माणसं पाळणारा डॉक्टर प्रिटोरियस गंभीरपणे घ्यायचा नाही. नवरी मात्र शेवटच्या काही मिनिटांतच दिसते, तेव्हा वाट बघत बसू नका. एल्सा लँचेस्टरने ती केली आहे, आणि चित्रपटाच्या सुरुवातीला लेखिका मेरी शेली म्हणून जी येते तीसुद्धा तीच. नवरीचा तो फिस्कारा तिने हंसांवरून उचलला होता.

व्हेलची चव लागली असेल तर लगेच ‘द इनव्हिजिबल मॅन’ (१९३३) उरकून घ्या. क्लॉड रेन्सचा चेहरा अगदी शेवटी क्षणभर दिसतो, बाकी सगळा अभिनय आवाजाचा. बँडेज सोडवल्यावर आत पोकळी दिसते ती दृश्यं काळ्या मखमलीसमोर चित्रित झाली आहेत. नट नखशिखांत काळ्या मखमलीत, वर कपडे, म्हणजे कॅमेऱ्याला फक्त कपडे दिसतात.

किंग काँग: बोटांचे ठसे शोधा

१९३३ चा. हा लांब आहे, शंभर मिनिटांचा, आणि काँग दिसायला सुमारे पाऊण तास लागतो. धीर धरा. एकदा तो आला की चित्रपट श्वास घेऊ देत नाही.

विलिस ओब्रायनने काँगच्या बाहुल्या हलवल्या. उंची दीड फुटाच्या आसपास. आत धातूचा सांगाडा, वर सशाची फर. एक चौकट टिपायची, बाहुली केसभर हलवायची, पुढची चौकट टिपायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी. आता काँगच्या छातीवरचे आणि खांद्यावरचे केस बारकाईने बघा: सतत सळसळत असतात, जणू वारा सुटलाय. तो वारा नाही. दर चौकटीला बाहुली धरणाऱ्या माणसाची बोटं तिथे लागली आहेत. तंत्राच्या दृष्टीने हा दोष. मला मात्र अख्ख्या चित्रपटातली हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

मॅक्स स्टायनरचं संगीतही ऐका. दोनच वर्षांपूर्वीच्या फ्रँकेनस्टाइनच्या शांततेनंतर हा वाद्यवृंद म्हणजे बंद दार लाथेने उघडावं तसा आहे.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. काँग राहतो त्या बेटावरच्या लोकांचं चित्रण वंशद्वेषी आहे, आणि ‘तेव्हाचा काळच तसा होता’ म्हणून ते कमी टोचत नाही. कुबड असलेला म्हणून क्रूर, भटक्या जमातीतला म्हणून शापित, बाई म्हणून किंचाळणारी, हे सगळं या यादीत जागोजागी भेटेल. मुलांसोबत बघणार असाल तर आधी एकट्याने बघून ठेवा. भीतीसाठी नव्हे, या बाबतीत बोलावं लागेल म्हणून.

आता ड्रॅक्युला

चार चित्रपट झाल्यावर तुमचे डोळे आणि कान तयार असतात. टॉड ब्राउनिंगचा हा चित्रपट ७५ मिनिटांचा आहे. पहिला किल्ल्याचा भाग छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंडचा उत्सव आहे. (किल्ल्यात आर्माडिलो फिरताना दिसतात. ट्रान्सिल्व्हेनियात हा दक्षिण-उत्तर अमेरिकेतला प्राणी काय करतोय ते विचारू नका, मजा घ्या.) लंडनला पोचल्यावर गोष्ट सोडून द्या आणि फक्त लुगोसीकडे बघा. हा हंगेरियन नट ही भूमिका आधी ब्रॉडवेवर करून आला होता. शब्दांच्या मधे तो जी जागा सोडतो ती बघा, हाताची बोटं बघा. सुळे दिसत नाहीत. चावताना दिसत नाही. जे काही आहे ते डोळ्यांवर टाकलेल्या बारीक प्रकाशझोतात आहे.

आवडला तर याचाच स्पॅनिश भाऊ शोधा. दिवसा इंग्रजी चित्रपटाची मंडळी काम करत आणि रात्री त्याच सेटवर वेगळा दिग्दर्शक, वेगळे नट घेऊन स्पॅनिश आवृत्ती चित्रित होई. ती जवळपास अर्धा तास लांब आहे आणि तिचा कॅमेरा जास्त हलता आहे. फक्त तिच्यात लुगोसी नाही, आणि ते सारखं जाणवतं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी फिलिप ग्लासने या चित्रपटासाठी नवं संगीत रचलं, काही आवृत्त्यांत ते लावता येतं. पहिल्यांदा बघताना लावू नका. शांततेची सवय करून घ्यायला इतके कष्ट घेतलेत, ते फुकट जातील.

मूकपटाकडे मागे वळताना

दिग्दर्शक मुर्नावचा ‘नोस्फेराटू’ १९२२ चा आहे, म्हणून काही जण कालक्रमाने सुरुवात याच्यापासून करतात. मूकपट बघण्याची सवय नसेल तर ते अवघड जातं. आता बघा, पण आवृत्ती निवडून. यातली रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित झाली आहेत आणि फिल्म निळी रंगवून त्यांची रात्र केलेली होती. इंटरनेटवर फिरणाऱ्या पुष्कळ जुन्या प्रती निव्वळ काळ्या-पांढऱ्या आहेत. त्यांत रक्तपिपासू भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून फिरताना दिसतो आणि सगळा विचका होतो. तेव्हा निळे-पिवळे रंगछटांचे भाग असलेली, दुरुस्त केलेली प्रतच घ्या. वर रंग भरलेल्या आवृत्त्या नको म्हणालो, त्याला हा अपवाद नाही: इथल्या छटा मूळच्याच आहेत.

हा चित्रपट वाचला हेच नवल. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता, नावं बदलून तो काढला होता. लेखक ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही निसटल्या. रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने मरतो ही आपली पक्की समजूत याच चित्रपटातून आली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडू शकतो.

१९२५ चा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ मला पूर्ण बघायचा आग्रह करवत नाही. मुखवटा ओढला जातो ते दृश्य बघाच. फँटम झालेल्या लॉन चेनीने ती रंगभूषा स्वतःची स्वतः केली होती.

लांडगा, आणि न दिसणारी मांजर

‘द वुल्फ मॅन’ (१९४१) त्याच चेनीच्या मुलाचा. साधा, धुक्याने भरलेला, ७० मिनिटांचा चित्रपट. लांडगामाणसाविषयीची जी ‘प्राचीन’ कविता त्यात सगळे म्हणतात ती पटकथाकार कर्ट सिओडमॅकने स्वतः रचली. आणि पौर्णिमेचा चंद्र शोधू नका, तो या पहिल्या भागात नाहीच.

पुढच्याच वर्षीच्या ‘कॅट पीपल’ला मात्र वेळ द्या. आरकेओ या कंपनीत निर्माता व्हाल ल्यूटनला पैसा थोडा मिळाला होता, त्यामुळे त्याने आणि दिग्दर्शक जाक तूर्नरने राक्षस जवळजवळ दाखवलाच नाही. रात्री एक बाई बागेच्या भिंतीच्या कडेने चालली आहे. मागून दुसऱ्या पावलांचा आवाज. ती मागची पावलं थांबतात. आता नुसती शांतता, दिव्यांच्या खालची उजेडाची वर्तुळं आणि ती. ती धावू लागते. अचानक फिस्सकन आवाज येतो आणि... पुढचं सांगत नाही, पण आजही भयपटवाले असल्या फसव्या दचक्याला ‘ल्यूटन बस’ म्हणतात. पोहण्याच्या तलावाचं दृश्य हेडफोन लावून बघा. पाण्याच्या कवडशांनी थरथरणाऱ्या भिंती आणि एक गुरगुर, एवढंच आहे त्यात.

युनिव्हर्सलने चाळिशीच्या दशकात एकाच चित्रपटात तीन-तीन राक्षस कोंबले, ते आत्ता नको. एकच ठेवा: १९४८ चा ‘अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन’. विनोदी आहे, पण राक्षस आपापली कामं गंभीरपणे करतात, गंमत त्यातच आहे. लुगोसी पूर्ण लांबीच्या चित्रपटात पुन्हा ड्रॅक्युला झाला तो फक्त इथे.

गॉजिला, जपानी मूळ

१९५४ चा, दिग्दर्शक इशिरो होंडा, लांबी ९६ मिनिटं. १९५६ ची अमेरिकी आवृत्ती नको. तिच्यात मूळ चित्रपट कापून मधे मधे रेमंड बर या नटाचा वार्ताहर डकवला आहे.

रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातली घरं तुडवतोय, अशी आठवण घेऊन बसाल तर धक्का बसेल. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि एका जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सर्गी राख पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा चित्रपट आला. पहिलंच दृश्य समुद्रातल्या बोटीचं आणि डोळे दिपवणाऱ्या झोताचं आहे. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते काय आहे हे समजावून सांगावं लागलं नसणार. हल्ल्यानंतरचं रुग्णालय, जमिनीवर ओळीने ठेवलेली माणसं, लहान मुलासमोर धरलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र: राक्षसपट इथे युद्धपट होतो. त्या डरकाळीसाठी संगीतकार आकिरा इफुकुबेने डबल बासच्या तारांवर चामडी हातमोजा घासला होता.

सर्वांत शेवटी, एक अपवाद

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, १९६८. रंगीत चित्रपट सर्रास निघू लागल्यावर जॉर्ज रोमेरोने हा थोड्या पैशांत, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये केला. ऐन वेळी नाव बदललं, नवी शीर्षकपट्टी करताना त्यावरची हक्काची ओळ राहून गेली, आणि चित्रपट अमेरिकेत कोणाच्याच मालकीचा उरला नाही. म्हणून तो फुकटात सगळीकडे मिळतो, बहुतेक ठिकाणी खराब प्रतीत. दुरुस्त केलेली प्रत शोधा. आपण ज्यांना झॉम्बी म्हणतो ते हेच, पण तो शब्द चित्रपटात एकदाही येत नाही.

भीती वाटणार नाही असं मी सुरुवातीला म्हटलं होतं, ते या चित्रपटाला लागू नाही. हा शनिवारी दुपारी बघा, आणि घरात कोणीतरी असू द्या.